अध्यक्षांच्या घरचं खोबरेल

सावरखोलच्या बौद्धवाडीचे अध्यक्ष श्रीपतराव तांबे यांच्या घरात नारळ फुटतो, ही बातमी १९८५ सालच्या एप्रिलात वाडीभर झाली. सगळ्यात शेवटी ती श्रीपतरावांना कळली.

बातमी खरी होती. नारळ सोमवारी महाडहून यायचा आणि मंगळवारी सकाळी मागल्या दारच्या धुण्याच्या दगडावर फुटायचा. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा. त्यामुळे अध्यक्ष नेमके कोणाच्या भजनी लागलेत याबद्दल वाडीत दोन तट पडले होते. लागलेत, याबद्दल मात्र दुमत नव्हतं.

सावरखोल महाडहून पोलादपूरला जाताना लागतं. गाव रस्त्याच्या वर, बौद्धवाडी रस्त्याच्या खाली, सावित्रीच्या अंगाला. धर्म बदलला त्या साली वाडीने आपले देव पोत्यांत भरून नदीत सोडले होते. त्या पोत्यांची तोंडं श्रीपतरावांनी स्वतः बांधली होती, आणि कोणाचं मन फिरून तो रात्रीतून गाठ सोडायला जाऊ नये म्हणून दुहेरी बांधली होती. पुढे ते महाडला तालुका कचेरीत कारकून झाले. वाडीत विहार उभा राहिला तेव्हा अध्यक्ष झाले, निवृत्तीनंतरही अध्यक्षच राहिले. वैशाख पौर्णिमेला विहारापुढचा पंचशील झेंडा तेच चढवत. ती पौर्णिमा आता तोंडावर आली होती.

नारळाबाबत वाडीत एक कायदा होता. सोललेला, शेंडी काढलेला नारळ पोटासाठी. तो कालवणात घालायला हरकत नाही. शेंडीचा नारळ देवासाठी. तो वाडीत येता कामा नये. कित्येक वर्षं हा कायदा तोंडी होता. तोंडी कायदे श्रीपतरावांना आवडत नसत. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी तो लिहून काढला आणि खाली एक कलम जोडलं: ज्याच्यावर पूजेचा संशय येईल त्याने भरसभेत उभं राहून खुलासा करावा, मग तो कोणीही असो.

‘मग तो कोणीही असो’ हे शब्द त्यांना तेव्हा फार आवडले होते.

त्या कलमाखाली आजवर एकच माणूस उभा राहिला होता. चंपाबाई. तिच्या तांदळाच्या डब्यात देवांचे दोन टाक आणि एक सुपारी सापडली होती. म्हातारी सभेत म्हणाली, “घरातली गोष्ट हाय, राहू द्या घरात.” त्यावर श्रीपतराव तासभर बोलले. भाषण चांगलं झालं होतं. चंपाबाईने दोन्ही टाक आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि मग पुढचं वर्षभर ती त्यांच्याशी बोलली नाही.

अशा माणसाच्या घरात शेंडीचा नारळ आला, तो एका कुत्र्यामुळे.

श्रीपतरावांचा मुलगा मुरारी मुंबईला विमा कंपनीत होता. त्याने आणि त्याच्या बायकोने, शकूने, एक पॉमेरियन कुत्रं पाळलं होतं. पांढरंशुभ्र, मांजराहून थोडं मोठं, पिंजलेल्या कापसाला डोळे लावावेत तसं. डिसेंबरात शकूला दिवस गेले आणि त्याबरोबर कुत्र्याच्या वासाने उलट्या सुरू झाल्या. शकूला कुत्रं जवळ नको होतं आणि लांब गेलेलंही सोसवत नव्हतं. शेवटी बाळंतपण होईपर्यंत ते सासऱ्यांकडे ठेवायचं ठरलं. मुरारीने ते वेताच्या टोपलीत घालून एस.टी.ने आणलं. टोपलीवर टॉवेल होता. महाड स्टँडवर टॉवेल भुंकला तेव्हा कंडक्टर म्हणाला, “कोंबडीचं तिकीट काढलंस ना रे? ही कुठली कोंबडी?”

कुत्र्याचं नाव स्वीटी होतं. पहिली अडचण तिथेच आली. ज्या माणसाने विहाराच्या पायरीवर उभं राहून अख्ख्या वाडीला शिस्त लावली, त्याने अंगणात येऊन “स्वीटी, स्वीटी” अशी हाक मारायची कशी? श्रीपतरावांनी त्यावर तोड काढली. ते टाळ्या वाजवत. कुत्र्याला हळूहळू टाळ्या कळायला लागल्या.

दुसरी अडचण तेलाची. जाताना मुरारी उंबऱ्यात थांबून म्हणाला, “बाबा, एक राहिलंच. तिची कातडी कोरडी पडते, केस गळतात. दादरच्या डॉक्टरांनी रोज सकाळच्या भातात अर्धा छोटा चमचा खोबरेल घालायला सांगितलंय. जास्त घालू नका, पोट बिघडतं. पण चुकवू पण नका.”

“भातात?” श्रीपतरावांनी विचारलं.

“भातात.”

“वरून लावायचं नाही?”

“नाही बाबा, पोटात. शकूचा जीव आहे तिच्यात. हे दिवस असे, तिच्या कानावर वेडंवाकडं काही जायला नको.”

चुलीपाशी बसलेली सुंदराबाई हे ऐकत होती. मुलगा गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “अवो, तुमच्या आयशीनं मला जन्मभर न्हायच्या दिवशी बोटभर तेल दिलं, त्ये पन हात आखडून. आन ही बया जेवनार खोबरेल!”

तरी तिने फणीपेटीतली बाटली काढली. त्या तेलाला मोगऱ्याचा वास होता. कुत्र्याने ताटली हुंगली आणि जेवणवेळेपर्यंत शिंकत राहिलं. मग श्रीपतरावांनी महाडहून सुटं तेल आणलं. ते खवट निघालं. शेवटी शकूच्या आईने रत्नागिरीकडची रीत कळवली: ओलं खोबरं खवायचं, वाटायचं, रस पिळायचा आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत कढवायचा. असं तेल कुत्रं खायला लागलं, पण नारळ ताजा हवा. शेंडी काढलेला नारळ उन्हात राहिला की डोळ्यापाशी आंबतो. असा एक आंबलेला निघाला तेव्हा स्वीटीने ताटलीकडे पाठ केली आणि दिवसभर ती पाठ फिरवली नाही. ताजा, शेंडीचा नारळ महाडच्या बाजारात देवळासमोरच्या दुकानातच खात्रीचा मिळे. रविवारी तिथे गर्दी असते म्हणून श्रीपतराव सोमवारी जात.

एवढं सगळं त्यांनी वाडीला सरळ सांगितलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण सांगायचं कसं? गेली दोन वर्षं वाडीतल्या प्रत्येक लग्नात ते साधेपणावर बोलत होते. वाजंत्री नको, बुंदी नको, वासाची तेलं नकोत. डोक्याला तेल, तेही बेताने. आता त्याच तोंडाने सांगायचं, की माझ्या घरचं कुत्रं तेलात जेवतं?

“हे घराबाहेर जाता कामा नये,” त्यांनी बायकोला बजावलं. “लोक हसतील.”

“हसू द्या की. हसून कोन मेलंय?”

“अध्यक्षाला हसले की मग ऐकत नाहीत.”

म्हणून सगळं दाराआड होऊ लागलं. नारळ पिशवीच्या तळाशी आणि वर मेथी. तेल कढवताना खिडक्या बंद. पण शेंडी पिशवीबाहेर डोकवायची ती डोकवायचीच, आणि कढणाऱ्या खोबरेलाच्या वासाला खिडकी आडवत नाही. घराभोवती देवळाच्या गाभाऱ्यासारखा वास येऊ लागला.

तिसरी अडचण त्याहून नाजूक होती. मुंबईत शकू कुत्र्याला मांडीशी घेऊन, लाडीगोडी लावून भरवायची. त्यामुळे ते आपणहून जेवत नसे. सुंदराबाईने एकदा प्रयत्न केला, पण तिच्या आवाजाला ते भ्यालं. राहिले श्रीपतराव. दार लावून, कुत्र्यापुढे मांडी घालून ते बसत. टाळ्या वाजवून त्याला बोलावत, चमचा ताटलीवर टणटण वाजवत, आणि मग हलक्या आवाजात, एका चालीत, त्यांच्या आईने त्यांना भरवताना म्हटलं असेल तसं काहीतरी म्हणत. कचेरीत वीस-पंचवीस वर्षं कमावलेली भाषा तिथे चालत नव्हती. चालत होती ती फक्त आईची.

राहिला चोथा. तेल सुटल्यावर कढईत तांबूस, खमंग गाळ उरतो. तो टाकून देणं सुंदराबाईच्या रक्तात नव्हतं. गूळ घालून ती त्याच्या वड्या थापी आणि शेजारच्या पोरांना वाटी. मंगळवारी, दुपारी.

नारळ, वार, टाळ्या, घंटा, गुणगुण, वास आणि वर गोड वडी. वाडीने बेरीज केली. बेरजेत चूक नव्हती.

भिकू साळवी हे सांगायला आला तेव्हा श्रीपतराव अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. भिकू दासगावच्या शाळेत मास्तर होता आणि वाडीचा चिटणीस. त्याला नियम शिकवले श्रीपतरावांनीच. शिष्य गुरूच्या चार पावलं पुढे गेला होता, पण आजवर ती पावलं दुसऱ्यांच्या अंगणात पडत होती.

“जयभीम भाऊसाहेब.”

“जयभीम. बस.”

भिकू बसला नाही. “भाऊसाहेब, स्पष्ट विचारतो. घरात नारळ फुटतो का?”

श्रीपतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “फुटतो.”

“शेंडीचा?”

“शेंडीचा.”

“कशासाठी?”

इथे खरं सांगता आलं असतं. आतून चमच्याचा आवाज आला. सुंदराबाई भांडी लावत होती. श्रीपतराव म्हणाले, “घरगुती बाब आहे, भिकू.”

भिकूचा चेहरा पडला. “चंपाबाई पण हेच म्हणाली होती. तेव्हा तुम्हीच म्हणालात, देव ही घरगुती बाब असूच शकत नाही. मी ते वाक्य शाळेत मुलांना सांगतो.”

“चांगलं करतोस.”

“मग रविवारी सकाळी सभा लावतो. खुलासा झाला नाही तर पौर्णिमेला झेंडा दुसऱ्या कोणीतरी चढवावा लागेल. मला वाईट वाटतं.”

“कलम तसंच आहे,” श्रीपतराव म्हणाले. भिकू गेल्यावर मात्र वर्तमानपत्राची तीच ओळ ते बराच वेळ वाचत राहिले.

रविवारी सकाळी विहार भरून अंगणातही माणसं बसली. औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे, रात्रपाळी करून आलेले, तेसुद्धा न झोपता आले होते. अध्यक्षांचीच चौकशी असल्यामुळे सभा भिकूने चालवली. श्रीपतराव समोरच्या सतरंजीवर बसले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा.

पहिला चांगू उभा राहिला. तो केमिकलच्या कारखान्यात होता. “तिसरी पाळी सुटली की मी भाऊसायबांच्या मागल्या दारानं घरी जातो. रोजचा रस्ता. दार बंद आसतंय. आतून टाळ्या. मंग टन, टन, टन. मंग भाऊसायब कायतरी म्हनतात, सुरात.”

“काय म्हणतात?” भिकूने विचारलं.

“शब्द नाय कळत. पन भाव हाय.”

जानकीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “माझ्या पोरानं वडी खाल्ली त्यांच्याकडची. मी पन खाल्ली अर्धी. आता परसाद व्हता काय, ते मला काय ठावं? ग्वाड व्हती.”

“किती मंगळवार खाल्लीस गो?” मागून कोणीतरी विचारलं.

“समदे,” जानकीबाई म्हणाली, आणि लोक हसले.

भिकूने हात वर करून सभा शांत केली. “भाऊसाहेब, खुलासा.”

श्रीपतराव उभे राहिले. आदल्या दिवशी त्यांनी दोन-तीन खुलासे मनात तयार केले होते. औषधाचा, सुनेच्या बाळंतपणाच्या लाडवांचा. उभं राहिल्यावर समोर बाबासाहेबांची तसबीर दिसली आणि ते सगळे पडले.

“नारळ तेलासाठी आणतो,” ते म्हणाले. “तेल कुत्र्यासाठी. रोज अर्धा चमचा, भातात. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्याने केस गळत नाहीत.”

मग अंगणापर्यंत हशा गेला, आणि हशा ओसरला तेव्हा खाली राग होता.

“आमी काय कुकुलं बाळ हाव?” चांगू उठला. “कुत्र्याला खोबरेल! भाऊसायब, खोटं बोलायचं तर आमच्या मापाचं तरी बोला!”

“माझ्या बायकोच्या डोक्याला नाय रे तेल!” दुसरा कोणीतरी.

भिंतीला टेकून बसलेली चंपाबाई आतापर्यंत सुपारी कातरत होती. ती म्हणाली, “मला त्येव्हा हे सुचलं नाय, श्रीपत. न्हायतर मी पन म्हनाले आसते, टाक उंदरांसाठी ठेवलेत. दात घासाया.”

तेव्हा तिला हसलेले आता त्यांना हसत होते. श्रीपतरावांच्या लक्षात आलं, की खोटं बोलले असते तर यांनी निम्मं तरी मानलं असतं. खऱ्याला मात्र कोणी ओळखत नव्हतं.

“पुरावा,” भिकू म्हणाला. “कुत्रं आणा. भात आणा. तेल आणा. सभेपुढे खाऊ दे.”

सुंदराबाई घरी जाऊन कुत्रं काखेत घेऊन आली. दुसऱ्या हातात ताटली होती, भात कालवलेला. तेलाची वाटी तिने भिकूच्या नाकाशी धरली. भिकूने हुंगली, चांगूने हुंगली. वाटी पहिल्या दोन रांगांतून फिरून परत आली. अर्धा चमचा भातात पडला. सभेच्या मधोमध ताटली ठेवली गेली आणि तिच्यापुढे कुत्रं.

स्वीटीने सभा पाहिली. एवढी माणसं तिने एकदम कधी पाहिली नसावीत. ती ताटलीपासून हातभर मागे सरकली आणि शेपटीवर बसली. भाताकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

वाट पाहिली. कोणी खोकलं. कुत्रं तसंच बसून होतं, चित्रासारखं, आणि त्याच्यापुढे भरलेली ताटली.

“खात नाय,” चांगूने जाहीर केलं.

“अवो,” सुंदराबाई नवऱ्याच्या कानाशी येऊन कुजबुजली, “तुमी बोलल्याबिगर ती खात नाय. बोला.”

“इथे?”

“मग कुठं? तिकडं घरात बोलून हितं खाईल व्हय?”

श्रीपतरावांनी घसा साफ केला. “माझी सभेला विनंती आहे, की सर्वांनी थोडा वेळ तोंड फिरवून बसावं.”

“साक्षीदारांनीच पाठ फिरवली तर साक्ष कसली, भाऊसाहेब?” भिकूने विचारलं. हेही त्यांचंच वाक्य होतं. कुठल्याशा भांडणात ते बोलले होते.

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसले तर नारळ फोडणारा अध्यक्ष म्हणून जायचं. ज्या पोत्यांच्या गाठी त्यांनी दुहेरी बांधल्या, त्या त्यांनीच सोडल्या असं वाडी म्हणणार, आणि ते मेल्यावरही म्हणणार. बोलले तर काय उरेल, याचा अंदाज त्यांना नव्हता. विहारात पाय ठेवला की ज्या आवाजाने पोरं चिडीचूप होत, तो आवाज आज कुत्र्यापुढे काढायचा होता. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रं त्यांच्याचकडे पाहत होतं. सबंध सभेत त्याला ओळखीचं दुसरं काही नव्हतं.

श्रीपतराव सतरंजीवर मांडी घालून बसले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. तीन टाळ्या वाजवल्या. स्वीटीचे कान उभे राहिले. त्यांनी चमचा ताटलीच्या कडेवर वाजवला, टण, टण, टण. चांगूने शेजाऱ्याला कोपर मारलं.

आणि मग, डोळे मिटून, वाडीचे अध्यक्ष गाऊ लागले.

“जेव गो माझी बाय, जेव... माझी सोन्याची बाय, माझी चांदीची बाय... कोन आलंय गो, कोन नाय आलं... येक घास खा गो, येक घास खा... माझी स्वीटी जेवतेय गो, माझी स्वीटी गुनाची...”

स्वीटी उठली. एक पाऊल, दोन पावलं. तिने ताटलीत तोंड घातलं आणि श्रीपतराव गात होते तोवर ती खात राहिली. ते श्वास घ्यायला थांबले की तीही थांबे. भात संपला, ताटली चाटून झाली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. पहिल्या रांगेतल्या दोन बाया पदराने डोळे टिपत होत्या. कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“झालं,” श्रीपतराव उठत म्हणाले. “खुलासा झाला.”

“एक मिनिट, भाऊसाहेब.” भिकू मास्तर जागेवरून हलला नव्हता. त्याच्या कपाळावर आठी होती. शाळेत गणिताचं उत्तर बरोबर आलं आणि रीत चुकली की पडायची ती. “नारळ देवासाठी नाही, हे सिद्ध झालं. मान्य. पण आता सभेने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? समोर एक मूर्ती... म्हणजे, समोर एक बसलेलं. त्याच्यापुढे ताट. ताटात नारळाचं तेल. टाळ्या, घंटानाद, आणि डोळे मिटून स्तुती. सोन्याची, चांदीची, गुणाची. कलमात ‘कोणाची पूजा’ असं म्हटलेलं नाही. नुसतं ‘पूजा’ म्हटलंय. देव नव्हता. पण पूजा झाली.”

सभेत खळबळ उडाली. कोणी म्हणालं, बरोबर आहे. कोणी म्हणालं, मग लेकराला भरवणारी आई पण पूजा करते का? त्यावर तिसरा म्हणाला, लेकराला तेल कोण घालतं? चांगूचं म्हणणं पडलं, की कुत्रं आधी चित्रासारखं बसलं होतं ते त्याला फार खटकलं. श्रीपतराव मधोमध उभे होते, बाह्या वर केलेल्या, हातात रिकामी ताटली. कलम त्यांनीच लिहिलं होतं आणि भिकूचा अर्थ त्यांना चुकीचा वाटत नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं.

“गप रे समदी,” चंपाबाई म्हणाली.

ती भिंतीला धरून उठली, सतरंजीपर्यंत आली आणि तिने श्रीपतरावांच्या हातातली ताटली घेतली. उलटी केली. एक शीत पडलं नाही.

“देवाचं मला इचारा,” ती म्हणाली. “तुमच्यापेक्षा जास्त दिवस मी देवासंगट काढलेत. नवरा गेल्यापासनं मी त्या टाकांना रोज वाढलं. तांबड्या भाताचा घास, वर गूळ. रोज. येक शीत कमी झालं नाय कदी. मीच उचलून खायचे मागनं. यानं ताटली चाटून फुसून ठेवलीन. ह्यो कुठला देव? देव जेवत नाय, मास्तर.”

भिकू विचार करू लागला. तो प्रामाणिक मुलगा होता. मुद्दा समोर आला की तो विरुद्ध बाजूचा आहे म्हणून बाजूला सारायचा नाही, हेही तो श्रीपतरावांकडूनच शिकला होता.

“मग त्या टाकांचं तरी काय चुकलं व्हतं, त्ये जेवत नव्हते तर?” चांगूने म्हातारीला चिडवलं.

“त्येंचं त्येच चुकलं व्हतं,” चंपाबाई म्हणाली. “जेवले आसते तर मी दिले नसते.”

ती परत भिंतीशी जाऊन बसली. श्रीपतरावांकडे तिने पाहिलं नाही. ते मात्र तिच्याकडे पाहत राहिले. तीन वर्षांपूर्वी तासभर बोलूनही हा मुद्दा त्यांना सापडला नव्हता.

भिकूने ठराव मांडला. शब्द नीट लावायला त्याला वेळ लागला. “अध्यक्षांच्या घरी असलेलं, स्वीटी नावाचं कुत्रं हे जेवतं, सबब ते देव नाही, आणि त्याला जेवू घालणं ही पूजा नाही, असं ही सभा एकमताने ठरवते. अध्यक्ष आपल्या पदावर कायम राहतील. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.”

हात वर झाले. विहारातले, अंगणातले, दाराशी चपला घालून निघायच्या बेतात असलेल्या रात्रपाळीवाल्यांचे. चांगूचा हात थोडा उशिरा, पण वर गेला. चंपाबाईने अडकित्ता धरलेला हात वर केला. श्रीपतरावांच्या पाठीचा कणा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

भिकू रांगांवरून नजर फिरवत होता. ती एका जागी थांबली.

“काकी, हात?”

सुंदराबाई खांबापाशी बसली होती. कुत्रं तिच्या मांडीवर झोपलं होतं. तिचे दोन्ही हात त्याच्या अंगाखाली होते.

“माझा नाय,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“नाय म्हंजे नाय. तुमी म्हनता देव नाय. मी कसा हात वर करू? डिसेंबरापासनं माझ्या घरात याच्या आधी कुनी जेवलं नाय. याच्यासाठी न्हारी थांबते, याच्यासाठी चूल पेटते. माझ्या डोक्याचं तेल याच्या पोटात ग्येलं. ह्ये मला इचारत होते का कदी, जेवलीस का म्हनून? सोन्याची बाय म्हनून?” तिने नवऱ्याकडे बोट केलं नाही, पण सगळ्यांना दिशा कळली. “जेवतो तरी देवच म्हनायचा. न्हायतर आनखी कोनाचं येवडं करतात?”

आता मात्र विहार हसला. जानकीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, चांगू शेजाऱ्याच्या पाठीवर पडला. भिकूला हसावं की ठराव मागे घ्यावा ते कळेना. तो श्रीपतरावांकडे पाहू लागला, पूर्वी प्रत्येक पेचात पाहायचा तसा.

“भाऊसाहेब, एकमताने लिहू की...?”

काकींना थोडं समजवा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. झेंडा चढवताना वाडी त्यांच्या पाठीशी एकमताने उभी आहे असं ऐकायला श्रीपतरावांना फार बरं वाटलं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे केस कोरडे होते, कानामागे पांढरे. ते कधीपासून तसे आहेत, हे त्यांना आठवेना.

“बहुमताने,” श्रीपतराव म्हणाले. “विरोधात एक. तसंच लिही.”

“विरोधाचं कारण नोंदवायचं?”

“नोंदव. तिच्याच शब्दांत.”

भिकू पेन उघडून सुंदराबाईपाशी गेला. पण ती उठली होती. कुत्रं काखेत, तेलाची वाटी हातात.

“कारन दुपारी घ्या, मास्तर,” ती म्हणाली. “वाटीत थोडं उरलंय. ते हे भाऊसायब घरी येऊन माझ्या डोक्याला लावनार हायत. मंग बघू, हात वर करायचा का त्ये.”

ती निघाली. सभा अजून विसर्जित झाली नव्हती आणि ती विसर्जित करण्याचा अधिकार अध्यक्षांचा होता. श्रीपतरावांनी घाईघाईने ती विसर्जित केली, आणि बाह्या खाली न करताच तिच्या मागे चालू लागले.